असू दे, लागेल

आमच्या डायनिंग टेबलावर तीन आठवडे एक स्टार्टर मोटर मुक्कामाला होती. तिच्या शेजारी वॉटर पंप, त्याच्या बाजूला दोन फॅन बेल्ट वेटोळं घालून आणि मीठदाणीला टेकून एक व्हील बेअरिंग. आमटीचं पातेलं ठेवायला जागा उरत नसे. कुणी पाहुणा आला की बायको शांतपणे ओळख करून द्यायची, "ह्या स्टार्टर. जूनअखेरीस आमच्याबरोबर स्पितीला येतायत."

बेत साधा होता. आमची वीस-बावीस वर्षांची डिझेल जीप, मी, बायको आणि एक डॉक्टर मित्र. पुणे ते मनाली जवळजवळ दोन हजार किलोमीटर. तिथवर काळजी नाही, कारण वाटेत दर चार किलोमीटरवर कुणीतरी टायर लटकवून बसलेलं असतं. खरी मजा पुढे. अटल बोगद्यातून पलीकडे निघायचं, कोकसरवरून ग्रामफूला यायचं आणि तिथून चंद्रा नदीच्या काठाने छत्रू, बातल, मग साडेचार हजार मीटरच्या वरची कुंझुम खिंड आणि पलीकडे काझा. ग्रामफू ते बातल या पट्ट्याला नकाशात रस्ता म्हटलेलं आहे. प्रत्यक्षात तिथे नदीने नको असलेले दगड आणून टाकले आहेत आणि सरकारने ते हलवलेले नाहीत. तिथे गाडी बंद पडली तर काय, या एका प्रश्नाने मला ग्रासलं.

या रोगाची सुरुवात अगदी निरागस असते. फॅन बेल्ट घ्यावाच, कारण तो तुटला की वॉटर पंप थांबतो आणि इंजिन तापतं. पण बेल्ट शाबूत असून पंपच गेला तर? पंप घ्या. पंपाला पाणी नेणारा होज फाटला तर? होज घ्या, क्लिपा घ्या. पंप गेल्याचं कळेपर्यंत हेड गॅस्केट उडालं तर? गॅस्केट घ्या. असं रात्री दोनपर्यंत चालायचं. मग उठून पाणी पिताना आठवायचं की क्लच राहिलाच.

दोष संस्कारांचाही आहे. आमच्या आईच्या कपाटात श्रीखंडाचे रिकामे डबे, मिठाईच्या खोक्यांच्या दोऱ्या, रबरबँडांचा एक गोळा आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या अकरा किल्ल्या होत्या. टाकू का विचारलं की एकच उत्तर, "असू दे, लागेल." या तीन शब्दांवर वाढलेला माणूस नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात मोकळा सोडू नये.

नाना पेठेतला दुकानदार आधी आपली लायकी तपासतो. "जुना पीस आणलाय?" नाही म्हटलं की तो पुन्हा पेपर वाचू लागतो. आणला असेल तर तो हातात घेऊन, उलटा करून, नाकाजवळ नेऊन विचारतो, "ओरिजनल देऊ, कंपनीचं देऊ, लोकल देऊ, की चालेल ते देऊ?" ओरिजनल आणि कंपनीचं यात फरक काय, हे मी एकदा विचारलं. "भावात आहे," तो म्हणाला.

मी सगळं जमवून आमच्या मिस्त्रींकडे दाखवायला नेलं. बोनेटवर एकेक वस्तू मांडली. त्यांनी तंबाखू मळत मळत पाहिलं.

"साहेब, गॅरेजच न्यायचंय तर मलाच न्या की. मी एवढा जड नाही."

मग त्यांनी क्लच प्लेट उचलली. "ही बसवणार कोण?"

"लागली तर कुणीतरी..."

"ही बसवायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तिकडे उतरवला तर वर कोण चढवणार? प्लेट ठेवून जा. आणि हा फॅन बेल्ट, हा लावून बघितलाय?"

नव्हता. प्लॅस्टिकमधूनही काढला नव्हता. त्यावर मिस्त्रींनी जे सांगितलं तेवढं त्या महिन्याभरात मला मिळालेलं खरं ज्ञान. नवा बेल्ट आत्ताच गाडीला चढवायचा आणि काढलेला चांगला जुना सोबत ठेवायचा. नवा खोक्यातला बेल्ट अर्ध्या इंचाने आखूड निघाला तर ते कळायची जागा नाना पेठेजवळ असावी, कुंझुमजवळ नसावी. जुना बेल्ट या गाडीला बसतो, हे त्याने चार वर्षं फिरून सिद्ध केलेलं असतं. होजचं तेच, क्लच केबलचं तेच. आम्ही तिथेच बेल्ट चढवून बघितला. आखूड निघाला. दुकानात बदलायला गेलो तर मागच्या भिंतीवर पाटी होती: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मी पाटी वाचेपर्यंत दुकानदाराने तिच्याकडे बोट दाखवलंही नाही. एवढा त्याचा पाटीवर विश्वास.

डॉक्टर मित्राची पद्धत वेगळी. तो संध्याकाळी आला, स्टार्टरच्या शेजारी चहाचा कप ठेवला आणि म्हणाला, "यातल्या कशाने गाडी थांबते, कशाने लंगडते आणि कशाने नुसती कुरकुरते, ते आधी वेगळं कर. कुरकुरणाऱ्याला औषध नाही. लंगडणाऱ्याला पट्टी. थांबणाऱ्यासाठी पार्ट. आणि ऑपरेशन रस्त्यात करता येणार असेल तरच अवयव सोबत न्यायचा." एवढं शहाणपण सांगून त्याने स्वतःची औषधांची पेटी दाखवली. तीत सर्पदंशावरचं इंजेक्शन होतं. स्पितीच्या त्या बर्फाळ वाळवंटात चार हजार मीटरवर कुठला नाग याला डसायला येणार होता, हे मी विचारलं. तो म्हणाला, "राजस्थान लागतं ना वाटेत?" मी समाधानाने त्याला दुसरा कप दिला. आपल्यासारखा रोगी भेटला की बरं वाटतं.

पण वजन हा विषय टळेना. बाथरूमच्या काट्यावर मी स्पेअरची पोती चढवली. चौऱ्याण्णव किलो. त्यातला एकटा मागच्या कमानीचा मुख्य पाटाच असा, की तो उचलताना माझ्याच कमानीत कळ आली. तो घ्यायचा कारण खडबडीत रस्त्यावर जादा ओझ्याने पाटा तुटतो. जादा ओझं कशाचं, तर त्या पाट्याचं. हे बायकोने भाकरी थापता थापता दाखवून दिलं. मला उत्तर सुचेना, म्हणून मी तिच्या सामानाकडे मोर्चा वळवला. चकलीचा डबा, लाडवांचा डबा, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, लिंबाच्या लोणच्याची काचेची बरणी.

"काचेची बरणी? त्या रस्त्यावर?"

"अहो, तुमचा वॉटर पंप खाता येत नाही."

बरीच घासाघीस झाली. क्लच प्लेट, हेड गॅस्केट आणि पाटा घरी राहिले. पाट्याऐवजी एक सेंटर बोल्ट, दोन यू-बोल्ट आणि चांगला दोरखंड. तिच्या बाजूने चकली आणि भाजणी गळाली. लोणच्याची बरणी स्टार्टरच्या शेजारी, माझ्या जुन्या पायजम्यात गुंडाळून बसली. स्टार्टर मात्र मी सोडला नाही. डिझेल गाडी ढकलून चालू करता येते, उतारावर उभी केली तर ढकलावंही लागत नाही, हे मला ठाऊक होतं. पण तीन आठवडे एकत्र जेवल्यावर माणूस असा टाकवत नाही.

मनालीपर्यंत काही घडलं नाही, याचा मला थोडा रागच आला. ग्रामफूच्या पुढे गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, कधी पहिल्यात. उंचीवर हवा विरळ, त्यामुळे डिझेल पुरतं जळत नाही. चढाला जीप काळा धूर सोडायची आणि मागे बसलेला डॉक्टर तिच्या फुफ्फुसांविषयी बोलायचा. नाले ओलांडले, दगड चुकवले. बातल दिसू लागलं, नदीवरचा पूल, काठावरचे ढाबे, आणि त्यांच्या अलीकडे दोन-तीनशे मीटरवर इंजिनाने दोन आचके दिले आणि ते गप्प झालं.

खरं सांगतो, माझा चेहरा उजळला. बायको म्हणते तसा तो लग्नातही उजळला नव्हता. इंजिन असं आचके देऊन बंद पडतं तेव्हा डिझेल पोचत नाही असं समजावं. फिल्टर! माझ्याकडे दोन होते. जुना काढला तर तळाशी पाणी आणि चहाच्या गाळासारखं काळं काहीतरी. वाटेत कॅनमधून ओतलेल्या डिझेलची कृपा. नवा बसवला. नळीतही गाळ असणार म्हणून ती फिल्टरला जिथे बसते तिथला पोकळ बोल्ट खोलला, नळी फुंकून साफ केली, बोल्ट परत आवळला. हातपंप दाबून दाबून हवा काढली. इंजिन चालू झालं, आणि मोजून दहा सेकंदांत बंद. पुन्हा हवा काढली. पुन्हा दहा सेकंद.

त्या बोल्टच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा एकेक वॉशर असतो, दहा पैशांच्या जुन्या नाण्याएवढादेखील नसेल. तांबं मऊ म्हणून ते दबून फट बुजवतं. एकदा दबलं की कडक होतं, आणि दुसऱ्यांदा आवळताना दबत नाही. मग केसाएवढी फट राहते. पंप टाकीतून डिझेल ओढताना तिथून हवाही ओढतो, आणि हवा दाबली की नुसती आकसते, इंजेक्टर उघडण्याइतका दाब होतच नाही. चौऱ्याण्णवातले साठेक किलो आम्ही वाहून आणले होते. स्टार्टर होता, वॉटर पंप होता, बेअरिंग होतं. कॉपर वॉशर नव्हता. कसा असणार? तो 'पार्ट' वाटतच नाही. मी बोल्ट आणखी जोरात आवळला. डॉक्टरने त्याला चिकटपट्टी लावली. डिझेलवर चिकटपट्टी चिकटत नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. मोबाइलला रेंज नव्हती, सूर्य डोंगरामागे गेला होता आणि वाऱ्याला धार आली होती.

बायकोने ते दोन वॉशर माझ्या तळहातावरून उचलले, नखाने टोचून पाहिले आणि म्हणाली, "ताठरलंय. भाजायला हवं."

तिचं माहेर कसबा पेठेत, तांबट आळीपासून एक बोळ सोडून. लहानपणी शाळेत जाता-येता तिने हंडे घडताना पाहिले आहेत. हातोडीने ठोकता ठोकता तांबं ताठरतं, आणखी ठोकलं तर चिरतं. म्हणून मधेच भट्टीत लाल करून पाण्यात बुडवतात की ते पुन्हा मऊ. हे तिने मला त्या थंडीत, कानटोपी घालून सांगितलं. पस्तीस वर्षांच्या संसारात ती तांबट आळीविषयी बोलली की मी हं हं करत आलो होतो.

ढाब्यातल्या बाईंनी चहाचं भांडं उतरवून स्टोव्ह मोकळा करून दिला. चिमट्यात धरलेला वॉशर आधी काळवंडला, मग कडेने लालसर झाला, मग सगळाच लाल. पाण्यात टाकला तेव्हा 'चुस्स' झालं. दुसराही तसाच. पण वर काळी पुटं धरली होती, आणि वॉशर तसेच बसवले तर पुन्हा फट. बायकोने माझा पायजमा सोडून लोणच्याची बरणी काढली, लिंबाची एक फोड घेऊन देवघरातली भांडी घासावीत तसे ते वॉशर घासले. मीठ आणि आंबट. गुलाबी तांबं वर आलं. ढाब्यातल्या बाईंनी उरलेली फोड चाखून पाहिली आणि मान डोलावली.

बसवले. आवळले. हवा काढली. इंजिन दहा सेकंद चाललं, वीस चाललं, डॉक्टर मोठ्याने मोजत होता, साठावर त्याने मोजणं सोडून दिलं.

रात्री ढाब्यात डाळ-भात खाताना एक ट्रक ड्रायव्हर आमच्याशेजारी येऊन बसला. मी सगळी कथा हिंदीत, म्हणजे माझ्या हिंदीत, सांगितली. त्याने जॅकेटच्या खिशातून खैनीची चपटी डबी काढली, झाकण उघडून टेबलावर उपडी केली. कॉटर पिना, दोन फ्यूज, टायरच्या व्हॉल्व्हची सुई, आणि डझनभर कोरे करकरीत कॉपर वॉशर.

"माँगा क्यों नहीं?" तो म्हणाला.

दोन तास आम्ही त्याच्या ट्रकपासून पन्नास पावलांवर होतो. त्याने चार वॉशर दिले, पैसे घेतले नाहीत. बदल्यात काय हवं विचारलं तर त्याने बरणीकडे बघितलं. स्टार्टर देऊ का, असंही मी विचारून पाहिलं. त्याच्या ट्रकला तो बसत नव्हता.

ते चार वॉशर बायकोने पर्समधल्या सेफ्टी पिनेत ओवून ठेवले. परवा एका मुंजीत कुणाच्या तरी सुनेचा पदर सुटला आणि पिनेसाठी धावाधाव झाली. बायकोने पर्स उघडली, पीन काढली, वॉशर एकेक करून काढून माझ्या हातात दिले आणि पीन त्या मुलीला दिली. मुंज लागेपर्यंत मी मुठीत वॉशर आणि अक्षता एकत्र धरून उभा होतो. अक्षता टाकताना नीट बघून टाकल्या.