रुसवा-फुगवा प्रायव्हेट लिमिटेड

ग्राहक हा राजा असतो, हे कंपन्यांच्या एरवी लक्षात राहत नाही. तक्रारीसाठी फोन केला तर राजाला अर्धा तास बासरी ऐकवतात, मग ‘एक दाबा, दोन दाबा’ करायला लावतात, आणि शेवटी लाइन तुटते. पण एका बड्या कंपनीचं दुसऱ्या बड्या कंपनीशी वाजलं, की त्याच राजाला पत्र येतं. पत्रात गहिवर असतो.

26 एप्रिल 2021 ला अमेरिकेत रोकूच्या ग्राहकांना असंच एक गहिवरलेलं पत्र गेलं. रोकू म्हणजे टीव्हीला जोडायची डबी किंवा काडी. ती लावली की टीव्हीवर इंटरनेटवरचं सगळं दिसतं. आपल्याकडे ती फारशी पोचली नाही, तिकडे मात्र घरोघर आहे. पत्राचा मथितार्थ असा : गूगल आमच्यावर अन्यायाच्या अटी लादतंय, म्हणून यूट्यूब टीव्ही तुमच्या डबीवरून कदाचित जाईल, आणि हे सगळं आम्ही तुमच्याचसाठी सोसतोय. (यूट्यूब टीव्ही म्हणजे आपलं फुकटचं यूट्यूब नव्हे. तेव्हा महिन्याला 64.99 डॉलर भरून मिळणारी ती केबलसारखी सेवा. केबलवाल्याच्या बिलाला कंटाळून अमेरिकन माणसानं केबल तोडली आणि जवळजवळ त्याच भावात ती इंटरनेटवरून परत घेतली. असो.) गूगलनंही तितक्याच गहिवरानं उत्तर दिलं : रोकूचे आरोप निराधार आहेत, आम्हाला आमच्या सभासदांची काळजी आहे. दोघांनाही ग्राहकाची इतकी काळजी वाटली, की 30 एप्रिलला ती सेवा रोकूच्या दुकानातून उठली.

आता हे भांडण पैशाचं असेल, असं कुणालाही वाटेल. रोकूनं सांगितलं, छे छे, आम्ही एक डॉलरसुद्धा जास्त मागितलेला नाही. मग काय? तर म्हणे, डबीवर काहीही शोधलं तरी यूट्यूबची स्वतंत्र ओळ दिसली पाहिजे, असा गूगलचा हट्ट. यूट्यूब उघडं असताना कुणी ‘अमुक गाणं लाव’ म्हणालं, तर त्यानं गाण्यांसाठी दुसरंच ॲप ठरवून ठेवलेलं असलं, तरी ते यूट्यूबवरच वाजलं पाहिजे. शिवाय डबीत गूगलला हवी तशी चिप बसवली पाहिजे, मग डबी महाग झाली तरी चालेल. गूगलचं म्हणणं, आम्ही शोधात ढवळाढवळ करायला मागितलेलीच नाही.

मराठी माणसाला हे भांडण परकं वाटायचं कारण नाही. जुन्या लग्नांत विहीणबाई रुसायच्या, तेव्हा हुंड्याचं नाव कुणी काढत नसे. पाट कुठे मांडला, पाटाभोवती रांगोळी होती का, आमच्या आत्याबाईंना आधी कुंकू लावलं की नंतर, यावर वरपक्ष जानवशाला परत जायला निघायचा. आत खोलीत मात्र दोन काका आकड्यांचं बोलत असायचे. ‘पैशाचा प्रश्नच नाही’ हे वाक्य त्या खोलीच्या दारातून बाहेर येई, तेव्हा काय समजायचं ते मांडवातल्या पोराटोरांनाही कळत असे. सिलिकॉन व्हॅलीतल्या मंडळींनी मांडव पाहिलेला नाही, पण शोधाच्या पंगतीत पहिला पाट कुणाचा, हा तंटा त्यांनी हुबेहूब घातला.

गूगलनं एका आठवड्यात तोड काढली. यूट्यूब टीव्हीला पुढच्या दारानं येऊ देत नाहीत ना? 7 मे रोजी साध्या यूट्यूबच्याच पोटात यूट्यूब टीव्हीकडे जाणारी वाट करून दिली. वर जाहीर केलं, की आमच्या सभासदांना दुसऱ्या कुणाची तरी डबी फुकट मिळवून देता येईल का, याची बोलणी चालू आहेत. रोकूनं यावर गूगलला बेबंद मक्तेदार म्हटलं. ऑक्टोबरमध्ये नवी तारीख पडली : 9 डिसेंबरपासून नव्या ग्राहकांना रोकूवर साधं यूट्यूबसुद्धा मिळणार नाही. आणि 8 डिसेंबरला, म्हणजे मुदत संपायच्या आदल्या दिवशी, दोघांचं जमलं. अनेक वर्षांचा करार झाला. अटी काय ठरल्या, पाट कुठे मांडला, हे ज्या ग्राहकासाठी एवढं सगळं सोसलं त्याला काही कळवण्यात आलं नाही.

या धंद्यात मुहूर्त फार पाळतात. 2020 च्या जानेवारीत रोकू आणि फॉक्स या वाहिनीचं बिनसलं, ते नेमकं सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, दोन दिवसांवर आलेला असताना; सामन्याआधी मिटलं. त्याच वर्षी मे महिन्यात एचबीओ मॅक्स थाटामाटात सुरू झालं. अमेरिकेतल्या दोन मोठ्या डब्यांवर, रोकू आणि ॲमेझॉनच्या फायर टीव्हीवर, ते दिसतच नव्हतं. म्हणजे उद्घाटनाला फीत होती, कात्री होती, फक्त दुकानाला रस्ता नव्हता. ॲमेझॉनशी नोव्हेंबरात जमलं. रोकूशी डिसेंबरच्या मध्यावर, कारण नाताळच्या दिवशी ‘वंडर वुमन 1984’ घरच्या पडद्यावर यायचा होता. ग्राहकाचं हित महिनोन्महिने थांबू शकतं. सिनेमाची तारीख थांबत नाही.

पण रोकू आणि गूगलचं भांडण म्हणजे सात महिन्यांचा खेळ. खरा खानदानी रुसवा पाहायचा तर ॲमेझॉन आणि गूगलचा.

ऑक्टोबर 2015. ॲमेझॉननं आपल्या विक्रेत्यांना कळवलं, की या महिन्याअखेरपासून गूगलचं क्रोमकास्ट आणि ॲपल टीव्ही या रोकूसारख्याच डब्या आमच्या दुकानात विकायच्या नाहीत. कारण? या वस्तूंवर आमचं प्राइम व्हिडिओ नीट चालत नाही, त्यामुळे ग्राहकाच्या मनात गोंधळ होतो. हे कारण सावकाश, चघळून वाचावं. प्राइम व्हिडिओ क्रोमकास्टवर चालत नव्हतं, कारण ॲमेझॉननं ते तिथे चालेल असं केलंच नव्हतं. ज्या दुकानात पुस्तकापासून पायपुसण्यापर्यंत काहीही मिळतं, अशी ख्याती, त्यातून दोनच वस्तू उचलल्या गेल्या, आणि त्या दोन्ही ॲमेझॉनच्या स्वतःच्या फायर टीव्हीच्या सवती निघाल्या. हा निव्वळ योगायोग. ग्राहकाच्या मनातला गोंधळ मात्र दूर झाला : क्रोमकास्ट घ्यावं की फायर टीव्ही, हा प्रश्नच उरला नाही.

गूगल दोन वर्षं गिळून बसलं. मग सप्टेंबर 2017 मध्ये ॲमेझॉनच्या एको शो या पडदेवाल्या यंत्रावरून यूट्यूब काढून घेतलं. ॲमेझॉननं वेबसाइटच्या वाटेनं ते परत आणलं. 5 डिसेंबरला गूगलनं तीही वाट बुजवली आणि जाहीर केलं, की 1 जानेवारी 2018 पासून फायर टीव्हीवरही यूट्यूब नाही. कारण असं, की ॲमेझॉन आमचं क्रोमकास्ट विकत नाही, गूगल होम विकत नाही, त्यांचं प्राइम व्हिडिओ आमच्या क्रोमकास्टवर येऊ देत नाही; एका हातानं टाळी किती वाजवायची? यावर ॲमेझॉन कळवळलं. सर्वांसाठी खुली असलेली वेबसाइट गूगल निवडून निवडून बंद करतंय, हा फार वाईट पायंडा आहे, असं त्यांचं म्हणणं. सर्वांसाठी खुल्या असलेल्या दुकानातून वस्तू निवडून निवडून काढण्याचा पायंडा कुणी पाडला, याची आठवण तेवढी त्या घाईत राहून गेली. दुसऱ्याच दिवशी, 6 डिसेंबरला, ॲपल टीव्हीवर प्राइम व्हिडिओ अवतरलं. एक रुसवा मिटला, दुसरा पेटला, मांडव रिकामा राहिला नाही.

या भांडणात आपलाही वाटा आहे. फायर टीव्ही स्टिक भारतात आली एप्रिल 2017 मध्ये, 3,999 रुपयांना. कौतुकानं ती घेतलेल्या माणसाच्या टीव्हीवरून वर्ष पुरं व्हायच्या आत यूट्यूबचं ॲप गेलं. ॲमेझॉननं मग काडीवर फायरफॉक्स आणि सिल्क हे ब्राउझर दिले : त्यात जा, यूट्यूबचा पत्ता टाका, बघा. रिमोटच्या चार बाणांनी पडद्यावरचं एकेक अक्षर गाठत ‘भक्ती बर्वे फुलराणी’ लिहायला काय लागतं, ते केल्याशिवाय कळायचं नाही. नाटक शोधेपर्यंत पहिला अंक होऊन जाई. हे दीड वर्ष चाललं. 9 जुलै 2019 ला फायर टीव्हीवर यूट्यूब आलं, क्रोमकास्टवर प्राइम व्हिडिओ आलं, दोन्हीकडून निवेदनं निघाली, आणि निवेदनांत पुन्हा ग्राहकाचाच आनंद होता.

आता थोडी रोकूची कुळकथा, कारण ती सांगितल्याशिवाय गंमत पुरी होत नाही. ही डबी मुळात जन्मली नेटफ्लिक्सच्या घरात. रोकूचे संस्थापक अँथनी वूड तेव्हा नेटफ्लिक्समध्येही काम पाहत होते. 2007 च्या अखेरीस डबी जवळजवळ तयार होती, आणि नेटफ्लिक्सचे रीड हेस्टिंग्ज यांनी ऐन वेळी ती थांबवली. आपणच डबी विकायला लागलो तर उद्या दुसऱ्या डबीवाल्यांच्या दारात आपल्याला कोण उभं करील, ही भीती. म्हणून डबी रोकूकडे गेली आणि मे 2008 मध्ये 99.99 डॉलरला बाजारात आली. तिच्यावर तेव्हा एकच गोष्ट दिसत असे : नेटफ्लिक्स. म्हणजे दारवान आत घेणार नाही या धास्तीतून जिचा जन्म, तीच पुढे अमेरिकेतल्या टीव्हीची सर्वांत मोठी दारवान झाली, आणि दारावर उभी राहून गूगलला मक्तेदार म्हणू लागली. गूगल मक्तेदार नाही असं कोण म्हणतो? पण मक्तेदारी दिसायला माणूस दाराबाहेर उभा असावा लागतो. आत उभं राहिलं की तिलाच दर्जेदार अनुभव म्हणतात.

दारवानाला पगार असा नसतोच; डबी विकून यात कुणी श्रीमंत होत नाही. ती जवळजवळ पडत्या भावात देतात. कमाई पुढे. तुम्ही डबीवरून एखादी सेवा घेतलीत की त्या वर्गणीत वाटा, ॲपवर जाहिराती दिसल्या की त्या जाहिरातींच्या जागेत वाटा. रिमोटवर जी रंगीत बटणं असतात, त्यांचंसुद्धा भाडं असतं. आपण त्यांना सोय समजतो. एका जुन्या रोकूच्या रिमोटवर आर्डिओ या गाण्यांच्या सेवेचं बटण होतं. ती कंपनी 2015 मध्ये दिवाळखोरीत निघाली. बटण अजून कित्येक घरांत आहे. दाबलं की काही होत नाही, तरीही ते रिमोटवरचं सगळ्यात निरुपद्रवी बटण म्हणावं लागेल. बाकीची दाबली की काहीतरी होतं.

तेव्हा या कंपन्यांचा वेळ वाचावा म्हणून एक मसुदा आम्ही इथे देत आहोत. गाळलेल्या जागा भराव्यात. दोन्ही बाजूंना चालेल.

‘प्रिय ग्राहक, तुम्हाला हे कळवताना आम्हाला अत्यंत दुःख होत आहे, की (समोरच्या कंपनीचं नाव) हिच्या अरेरावीमुळे तुमचं (आवडत्या ॲपचं नाव) लवकरच बंद पडू शकतं. आम्ही त्यांच्याकडे काहीही जास्त मागितलेलं नाही, फक्त आहे ते आमच्या अटींवर मागितलं आहे. स्पर्धा, निवड आणि स्वातंत्र्य ही आमची मूल्यं आहेत आणि ती पाळण्यासाठी आम्ही तुमची निवड तूर्त काढून घेत आहोत. तुम्ही त्यांना फोन करून खडसवावं. त्यांचा नंबर खाली दिला आहे. आमचा नंबर दिलेला नाही. तुमचेच नम्र. ता. क. : या महिन्याची वर्गणी ठरल्या तारखेला कापली जाईल.’

हा मसुदा आपल्याकडे आयात करायची फार गरज नाही म्हणा. फेब्रुवारी 2023 मध्ये मोठ्या वाहिन्यांनी दराच्या वादातून बऱ्याच केबलवाल्यांचे सिग्नल तोडले होते, तेव्हा सासू-सुनांच्या मालिका काही दिवस कोट्यवधी घरांत दिसल्या नाहीत आणि त्या घरांत शांतता नांदली, हा मुद्दा कुठल्याच बाजूच्या निवेदनात आला नाही.

डब्यांचा तंटा मात्र आपल्या भारतीय स्पर्धा आयोगापर्यंत पोचला. जून 2021 मध्ये, म्हणजे तिकडे रोकू आणि गूगल हातघाईवर आलेले असताना, आयोगानं इकडे अँड्रॉइड टीव्हीची चौकशी लावली. प्रश्न असा : टीव्ही बनवणाऱ्याला गूगलचं प्ले स्टोअर हवं असेल, तर गूगलच्या बाकीच्या ॲपचं गाठोडंही घ्यावं लागतं. आणि एकदा ते घेतलं, की अँड्रॉइडमध्ये फेरफार करून बनवलेल्या प्रणालीवर चालणारी यंत्रं बनवायची नाहीत. ॲमेझॉनची फायर टीव्ही तेव्हा चालत असे अशाच फेरफार केलेल्या अँड्रॉइडवर. त्यामुळे ॲमेझॉननंही आयोगापुढे गाऱ्हाणं घातलं, की गूगलच्या धाकानं आम्हाला टीव्ही बनवून द्यायला कारखानदार कचरतात. एकेकाळी क्रोमकास्टला दुकानाबाहेर काढणाऱ्या ॲमेझॉनच्या तोंडून ही तक्रार ऐकताना तो जुना किस्सा आठवण्याइतके जुने कर्मचारी आयोगात होते की नाही, कोण जाणे.

निकाल लागला एप्रिल 2025 मध्ये. निकाल म्हणजे तडजोड. कायदा 2023 मध्ये बदलला आणि अशा खटल्यात पैसे भरून, वागणूक सुधारण्याचं कबूल करून मिटवायची सोय झाली. त्या सोयीचा गूगल हा पहिलाच लाभार्थी. रक्कम 20.24 कोटी रुपये, आणि तीही 15 टक्के सवलत धरून. (याच आयोगानं याच कंपनीला अँड्रॉइड मोबाइलच्या प्रकरणात 2022 मध्ये 1337.76 कोटींचा दंड केला होता. टीव्हीवाल्यांनी आपला पडदा मोठा असल्याच्या भ्रमात राहू नये.) दंडावर सवलत मिळणं हे आपल्या बाजारसंस्कृतीला धरूनच झालं, फक्त जुना मक्ता आणून द्या, नवा घेऊन जा, अशी एक्स्चेंज ऑफर तेवढी नव्हती.

तडजोडीनुसार भारतात टीव्ही बनवणाऱ्याला आता प्ले स्टोअर सुटं मिळेल आणि फेरफारवाल्या अँड्रॉइडवरची बंदी सुटेल. सुट्या प्ले स्टोअरला शुल्क आहे. अख्खं गाठोडं घेतलं तर ते पूर्वीसारखंच फुकट. दिवाळीच्या सेलमध्ये शेजारच्या कंपनीपेक्षा दोनशे रुपयांनी स्वस्त टीव्ही काढण्यासाठी जिवाचं रान करणाऱ्या कारखानदारांना यातलं कुठलं घ्यायचं, याचं पूर्ण स्वातंत्र्य देण्यात आलं आहे.