तर मित्रांनो, रेघ घसरली

मराठी सभेत प्रास्ताविक लांबलं म्हणून श्रोता उठून जात नाही. तो खुर्चीतल्या खुर्चीत सरकतो, घड्याळ पाहतो, 'प्रमुख पाहुणे आलेत ना नक्की?' असं शेजाऱ्याला विचारतो आणि शेवटी टाळ्याही वाजवतो. त्यामुळे प्रास्ताविक करणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या आपण उत्तम बोलतो या समजुतीत सुखाने नांदल्या. ती समजूत मोडली यूट्यूब स्टुडिओतल्या एका रेघेने. व्हिडिओच्या कोणत्या क्षणाला किती टक्के प्रेक्षक उरले होते, ते ही रेघ दाखवते; पहिल्या 30 सेकंदांनंतर किती टिकले हा आकडा तर वेगळा काढून हातावर ठेवते. 'नमस्कार मित्रांनो, कसे आहात, मजेत ना? आज आपण पाहणार आहोत अगदी आजीच्या हातचं, खमंग, खुसखुशीत थालीपीठ' एवढं म्हणून होईस्तोवर रेघ घाट उतरून तळाला आलेली असते, आणि भाजणीचा डबा अजून उघडलेलाही नसतो. समाजमाध्यमांवरच्या आकडेवारीचा खरा उपयोग हा. काय गाळावं ते ती भीडमुर्वत न ठेवता सांगते. काय सांगावं, यातलं तिला ओ की ठो कळत नाही. आणि आपण नेमकं तेच तिला विचारायला जातो.

यावर कोणी म्हणेल, रेघेला उंचवटेही असतात की! तिथे लोकांनी व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा पाहिलेला असतो, म्हणजे तो भाग आवडला, तो वाढवावा. समजा, 'भाजणी दोन वाट्या, पाणी अंदाजाने' या वाक्यापाशी उंचवटा आला. तिथे कोणी त्या खमंगपणाच्या प्रेमात पडून थांबलं असेल; किंवा अंदाजाने म्हणजे नक्की किती, या विवंचनेत पिठाने बरबटलेला हात वर धरून कोणी कोपराने स्क्रीन मागे ढकलत असेल. दोघांचा उंचवटा हुबेहूब सारखा. त्यात आपला पसारा तो केवढा! 40 जणांनी पाहिलं आणि 5 जणांनी बदाम दिला की प्रतिसाद झाला 12.5 टक्के, म्हणजे मुदतठेवीच्या व्याजापेक्षा भारदस्त. ते पाच जण म्हणजे सख्खी बहीण, तिची जाऊ आणि जावेच्या भिशीतल्या तिघी, हे टक्केवारीत कुठे लिहिलेलं नसतं. फॉलोअर्स कोणत्या वेळी जागे असतात हेही इन्स्टाग्राम सांगतं. (त्यासाठी आधी खातं 'प्रोफेशनल' करावं लागतं, लोणच्याचे फोटो टाकणाऱ्या काकू अशाच एका दुपारी 'डिजिटल क्रिएटर' होतात.) फॉलोअर्समध्ये न्यू जर्सीच्या भाचरांचा भरणा असला, तर लोणचं पहाटे साडेतीनला टाकावं, असा शास्त्रशुद्ध निष्कर्ष निघतो.

'पण आकडे खोटं बोलत नाहीत' हा पुढचा आक्षेप. बोलत नसतील, पण त्यांच्या तोंडी शब्द घालणारा कोणीतरी असतोच. लोक व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहतात हा आपला आकडा फुगलेला होता, असं फेसबुकने 2016 मध्ये कबूल केलं. 3 सेकंदांच्या आत पळालेल्यांना सरासरीतून वगळलं होतं. म्हणजे पहिल्या घासाला उठून गेलेल्यांना पंगतीतच धरायचं नाही आणि मग सगळे पोटभर जेवले म्हणून ढेकर द्यायचा. उलट 31 मार्च 2025 पासून यूट्यूबचा शॉर्ट नुसता सुरू झाला तरी तो 'पाहिला' असं मोजतात. दारावरून जो गेला तो पाहुणा. त्या दिवसानंतर व्ह्यूज वाढले म्हणून ज्यांनी पेढे वाटले, त्यांच्या पेढ्यांना नावं ठेवू नयेत, पण थालीपीठ होतं तेच होतं.

मग आकड्यांकडे पाहूच नये का? खरा कलावंत पाहत नाही, असं म्हणण्याची एक सोवळी पद्धत आहे. ती मला पटत नाही. तिकीटविक्रीकडे न पाहणारा नाटकमंडळीचा मालक फार दिवस मालक राहत नसे. फरक पडतो तो आकडा पाहून काय करायचं यात. संगीत नाटकातला 'वन्समोअर' ही आपल्याकडची जुनी, दणदणीत आकडेवारी. वन्समोअर मिळाला की पद पुन्हा, आणखी मिळाला की आणखी एकदा. पहाट व्हायची, गाणं फुगायचं आणि नाटक बिचारं विंगेत ताटकळायचं. संगीत नाटकाच्या उतरणीची कारणं सांगताना जाणकार बोलपटाच्या जोडीने या फुगलेल्या गाण्याकडेही बोट दाखवतात. मापालाच उद्दिष्ट केलं की ते माप बिघडतं, हा नियम चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाच्या नावाने ओळखला जातो. गुडहार्टने तो विचार मांडला 1975 मध्ये. आपण त्याआधी कितीतरी वर्षं तो तिकीट काढून पाहत होतो. आज लाल बाणावर लोक जास्त टिचकी मारतात असं आकडे सांगतात, म्हणून थालीपीठावर लाल बाण येतो, 'ही 1 चूक तुम्हीही करताय?' येतं, शेजारी डोळे विस्फारलेला चेहरा येतो. आठवड्याभरात सगळ्यांच्याच थालीपिठांवर बाण दिसू लागतात आणि बाणाचा गुण संपतो. प्रास्ताविक मात्र कितीही जणांनी गाळलं तरी गाळण्याचा गुण संपत नाही. म्हणून रेघ पाहावी, कात्री चालवावी आणि पाण्याचं माप आपल्या अकलेने सांगावं.

त्या रेघेचं शेवटचं टोकही बघण्यासारखं असतं. 'तर मित्रांनो, कसा वाटला आजचा...' एवढे शब्द कानावर पडताच उरलेसुरले प्रेक्षकही एका झटक्यात नाहीसे होतात. सभेत आभारप्रदर्शनाला माणूस उभा राहिला की मागच्या रांगा चपला शोधू लागतात, तशी ही रेघ