सातारा-सांगली एका रविवारात कशी उरकावी

पाहुण्यांना वेळ नसतो. पहाटे पुणे सोडायचे, रात्रीच्या जेवणाला पुण्यात हजर व्हायचे आणि मधल्या वेळात दोन जिल्हे हातावेगळे करायचे. अशा कामसू मंडळींसाठी पुढील सूचना.

१. लिंब फाट्यावर गाडी थांबवू नये. आत बारा मोटेची विहीर आहे. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतलेली, वरून शिवलिंगासारखी दिसणारी, पोटात दगडी महाल असलेली. नाव बारा मोटांचे, सोय पंधरांची. मोजायला उभे राहिलात की तास गेलाच.

२. अजिंक्यताऱ्याला वीस मिनिटे पुरतात. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः येऊन पायथ्याशी बसला. किल्ला हाती यायला पुढचा एप्रिल उजाडला. पण बिचाऱ्याकडे वर जाणारा गाडीरस्ता नव्हता. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथेच झाला, हे ड्रायव्हरला सांगू नये. तोही बघायला उतरेल.

३. रेल्वेने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावे : सातारा स्टेशन साताऱ्यात नाही, माहुलीला आहे. जवळच कृष्णा-वेण्णेचा संगम आहे. तिथे राजघराण्यातल्यांच्या समाध्या आहेत आणि शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचीही. मुलांच्या कानावर हे जाऊ देऊ नये. ती हटून बसतील.

४. कासला मे महिन्यात गेल्यास कातळ आणि रुसलेले मेव्हणे एवढेच दिसते. सप्टेंबरात गेल्यास फुले दिसतात, पण ती नखाएवढी. सीतेची आसवं नीट पाहायची तर गुडघे टेकावे लागतात, आणि पँट पांढरी असते. टोपली कारवी सात वर्षांनी फुलते. आपल्या रजेचा अर्ज तिच्यापर्यंत पोहोचलेला नसतो. २०१२ पासून हे पठार जागतिक वारशात आहे, म्हणून फुलांवर लोळून फोटो काढू नये. नंतर येणाऱ्याला फुलांऐवजी तुमचा फोटोच बघावा लागतो.

५. कंदी पेढे घ्यावेत, मात्र "मूळ दुकान कोणतं हो?" असे विचारू नये. चार सातारकर जमतील, पाच उत्तरे मिळतील. खवा तांबूस होईपर्यंत भाजलेला आहे ना, एवढे जिभेने तपासावे. एका पेढ्यात कळत नाही. दुसऱ्यातही नाही.

६. कराड, पेठ नाका मागे टाकून सांगलीत शिरावे. १८४३ साली इथे चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले आणि मराठी नाटक उभे राहिले. तेव्हाच्या प्रेक्षकांना रात्री पुणे गाठायचे नव्हते, म्हणून ते शक्य झाले. गणपती मंदिरात हात जोडावेत, प्रदक्षिणा गाडीनेच घालता येते का ते विचारू नये.

७. आयर्विन पुलावर जपून बोलावे. १९२९ चा हा पूल म्हणजे सांगलीची नाडी. पावसाळ्यात सांगलीकर "जेवलात का?" विचारायच्या आधी "पाणी किती?" विचारतात आणि उत्तर फुटांत येते. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ मध्ये पाण्याने सत्तावन्न फूट ओलांडले. काठावर उभे राहून "वा, काय व्ह्यू आहे!" म्हणणाऱ्या पाहुण्याला इथे भडंगसुद्धा मिळणार नाही.

८. हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम आहे आणि हे नाटककार देवलांचे गाव आहे. मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. तिथला भोपळा भाजीचा नसतो, त्याचा तंबोरा होतो. या दोन्ही जागा गाडीच्या काचेतून दिसत नाहीत, म्हणून यादीतून गाळाव्यात.

एवढे पाळले की रात्री साडेदहाला आपण घरी असता. शेजारी विचारतात, "काय काय बघितलंत?" अशा वेळी न बोलता पेढ्यांचा पुडा पुढे करावा. तोंड भरलेला माणूस पुढचा प्रश्न विचारत नाही.

आणि खरेच बघायचे असेल, तर एका खेपेला एकच जिल्हा धरा आणि दोन रात्री मुक्काम करा. लिंब फाट्यावर उतरून विहिरीची वाट कुणालाही विचारा. सातारी माणूस ती नुसती सांगणार नाही. चार पावले सोबत येईल.