नावं ठेवणारे नाना

प्रत्येक सोसायटीत एक नाना असतात. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत ते बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर राहतात. उभा जन्म बँकेच्या काउंटरवर गेला. हजारो खातेदारांची नावं हाताखालून गेली, आणि त्यातून जी विद्या मिळाली ती निवृत्तीनंतर उलट फोफावली. नुसतं नाव कानावर पडायचा अवकाश, नाना त्या माणसाचा जिल्हा, जात आणि जन्माचं दशक सांगून मोकळे. "शिरीष? साठीच्या पुढचा. शहरातला. वडील मास्तर नाहीतर कारकून." "सर्जेराव? घाटावरचा. ऊस. घरातला एक तरी माणूस पतपेढीवर." अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. चुकला तर नाना म्हणतात, त्या माणसाच्या आईबापांनीच नाव चुकीचं ठेवलंय.

जात मात्र नाना कधी विचारत नाहीत. ते त्यांच्या संस्कारात बसत नाही. ते विचारतात, "मूळचे कुठले?" तेवढ्याने भागलं नाही तर "पूर्ण नाव काय म्हणालात?" आणि तरीही उजेड पडला नाही तर चहाचा कप खाली ठेवत, अगदी सहज, "तुमचं कुलदैवत कुठलं हो?" या तिसऱ्या प्रश्नापुढे आजवर कोणी टिकलेलं नाही.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, असा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला तेव्हा सोसायटीतल्या बायकांना बरं वाटलं. नानांना त्याहून बरं वाटलं. "छान झालं," ते म्हणाले, "एका ओळीत दोन्ही घरं कळतात."

तर अशा नानांच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, बाळ जन्मलं. मुलगा. हस्त नक्षत्र, तिसरं चरण. पंचांगात पाहिलं तर हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ. बाळाच्या वाट्याला आला ण. आजीने दोन दिवस ण वरून नाव शोधलं आणि मग जन्मनाव पत्रिकेत कायमचं बंद करून व्यवहाराचं नाव वेगळं ठेवायचं ठरवलं. आईबाबांनी मोबाइलवरच्या यादीतून नावं निवडली, आणि शेजारधर्म म्हणून बाबा ती घेऊन खाली नानांकडे आले. नाना चष्मा पुसून बसले. मीही बसलो, कारण तिथे चहा चांगला मिळतो.

"अयान," बाबांनी वाचलं.

"त्यांच्यातलं."

"सिद्धार्थ?"

नाना थांबले. "नाव फार सुंदर. राजपुत्राचं नाव. पण… लोकांना वाटतं."

"काय वाटतं?"

"तसं काही नाही. वाटतं."

१९५६ साली नागपुरात धम्मदीक्षा झाली, आणि ज्या घरांत आजोबा कचरू आणि वडील दगडू होते तिथे नातवंडं सिद्धार्थ, राहुल, गौतम, सुजाता, यशोधरा झाली. गावाने चिकटवलेलं नाव खरवडून काढून माणसांनी आपल्या लेकरांसाठी नाव स्वतः निवडलं. नानांच्या हिशोबात या एवढ्या मोठ्या घटनेचा निष्कर्ष एकच: ही नावं आता जपून ठेवावीत.

"मग तुम्हीच सुचवा," बाबा म्हणाले.

"मिलिंद ठेवा. मिलिंद म्हणजे भुंगा. आमच्या वेळचं शुद्ध नाव. आमच्या शाखेतच तीन मिलिंद होते."

मी चहा संपवून म्हटलं, "नाना, मिलिंद नावाचा राजा ग्रीक होता. मिनँडर. भिक्खू नागसेनाला त्याने विचारलेले प्रश्न 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आहेत. म्हणून तर बाबासाहेबांच्या संस्थेच्या औरंगाबादच्या कॉलेजला मिलिंद नाव आहे."

नानांनी अर्धं ऐकलं. सोयीचं अर्धं. "ग्रीक ना? मग चालेल. ग्रीक बरे. आले, नाव ठेवून गेले. सोसायटीत फ्लॅट बघायला येत नाहीत."

ही त्यांची खरी कसोटी आहे हे मला तेव्हा कळलं. नाव कुठून आलं याची नानांना हरकत नसते, नावाबरोबर माणूस आला तर असते. सचिन हे नाव त्यांना अस्सल मराठी वाटतं. रमेश तेंडुलकरांनी मुलाचं नाव सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवलं, आणि बर्मनदा त्रिपुराच्या राजघराण्यातले, हे सांगितलं तर नाना म्हणतात, "संगीताला प्रांत नसतो." गावसकरांच्या रोहनचं नाव गयानाच्या रोहन कन्हायवरून आहे, म्हणजे उसाच्या मळ्यांत राबायला बोटीने गेलेल्यांच्या वंशजाकडून ते नाव मुंबईला परत आलं. यावर नाना म्हणतात, "क्रिकेटलाही प्रांत नसतो." प्रांत फक्त शेजाऱ्याला असतो.

मग मी जरा लांबचं काढलं. "मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला, आणि मुलं झाली त्यांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते."

"नवसाचं वेगळं."

"बरं, तुमच्या वडिलांचं नाव?"

"दौलतराव."

"आजोबांचं?"

"गुलाबराव. पंचक्रोशीत मान होता."

"दौलत अरबी आहे नाना. गुलाब फारसी."

नाना डगमगले नाहीत. त्यांनी माझ्याकडे, खात्यात पैसे नसताना चेक फाडणाऱ्या खातेदाराकडे पाहावं तसं पाहिलं आणि म्हणाले, "तीनशे वर्षांपूर्वी असतील. जुनं झालं की आपलं होतं."

या वाक्यावर खरं तर एखाद्या विद्यापीठाने डॉक्टरेट द्यायला हवी. पण तेवढ्यात नानांच्या लेकीचा न्यू जर्सीहून फोन आला. तिलाही दिवस गेलेत, आणि तिच्याकडे नाव निवडायची वेगळीच चाळणी आहे. शाळेतल्या बाईंना पहिल्या फटक्यात उच्चारता आलं पाहिजे, कॉफीच्या कपावर लिहिता आलं पाहिजे, आणि आजीलाही हाक मारता आली पाहिजे. ज्ञानदा, ऋग्वेद, मृण्मयी या चाळणीत अडकतात. खाली पडतात ती नील, जय, माया, रोहन अशी दोन्हीकडे बिनबोभाट वावरणारी नावं.

"आपली नावं काय वाईट आहेत?" नाना गरजले.

लेकीने शांतपणे सांगितलं. तिकडच्या दोन अर्थतज्ज्ञांनी बॉस्टन आणि शिकागोमधल्या नोकरीच्या जाहिरातींना बनावट अर्ज पाठवले. पात्रता सारखीच, फक्त काही अर्जांवर एमिली आणि ग्रेगसारखी गोऱ्यांची वाटणारी नावं, काहींवर लकीशा आणि जमालसारखी काळ्यांची. पहिल्या गटाला सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली. २००४ साली तो अभ्यास छापून आला. "म्हणून बाबा, नाव जरा जपून."

नानांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. "बघा! एवढा पुढारलेला देश, आणि नुसत्या नावावरून माणूस ठरवतात! माणुसकी म्हणून काही आहे की नाही?"

खोलीत कोणी काही बोलेना. बाबांनी हातातली यादी उलटी करून वाचायला सुरुवात केली. शेवटी मीच म्हटलं, "नाना, सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी तसाच प्रयोग आपल्याकडे केला. खासगी कंपन्यांना अर्ज पाठवले. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालंय."

"तो विषय वेगळा," नाना म्हणाले, आणि चहा सांगितला.

बारशाला सगळी सोसायटी लोटली. पाळणा सजला, बाळाला कुंची घातली, घुगऱ्यांचं पातेलं आलं. नाना पाळण्यालगतची खुर्ची धरून बसले. आत्याने बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, तिच्या पाठीत रीतसर धपाटे बसले, आणि तिने नाव जाहीर केलं: समीर.

नाना सावरून बसले. संस्कृतात समीर म्हणजे वारा. त्यांनी मान डोलवायला घेतली आणि अर्ध्यात थांबवली, कारण अरबीतही समीर आहे, रात्री गप्पांना सोबत करणारा. बाळ रोज पहाटे तीनपर्यंत घर जागं ठेवतं, त्यामुळे कुठला अर्थ जास्त लागू पडतो हे बी विंगला माहीत होतं.

"पण नुसत्या समीरवरून कळणार कसं?" नानांनी विचारलं. "आडनाव लावलं की प्रश्न मिटला म्हणा."

"आडनाव लावायचं नाही असं ठरवलंय," आई म्हणाली. "समीर, मग माझं नाव, मग याच्या बाबांचं. बस."

नानांच्या हातातली घुगऱ्यांची वाटी तशीच राहिली. मूळचे कुठले? डोंबिवली. पूर्ण नाव? पहिल्या तीन नावांत संपलं. कुलदैवत विचारायला ते पाळण्यावर वाकले, तर समोरचा माणूस मूठ चोखण्यात गुंतलेला. बऱ्याच वेळाने त्यांनी मोठ्या मनाने निकाल दिला.

"ठेवा. हरकत नाही. तीनशे वर्षांनी आपलंच होईल."

"तेवढं थांबता नाही येणार नाना," आई कुंचीचे बंद सोडत म्हणाली, "सहाव्या वर्षी पहिलीत घालायचाय."