ओठांवर फास्टॅग

बोर्डीहून किनारा धरून उत्तरेला निघालं की झाई लागते, आणि झाई संपली की गुजरात. झाईकराचा बाजार उंबरगावला, नोकरी उंबरगावच्या जीआयडीसीत, सरकारी काम मात्र तलासरीला. १९६० पर्यंत उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यातच होता. १ मेला उंबरगाव तिकडे गेलं, झाई इकडे राहिली.

त्याआधी १९ दिवस, १२ एप्रिलला, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने याच मुलखातल्या वाटेचा निकाल दिला होता. दमण तेव्हा पोर्तुगालचं. दादरा-नगर हवेलीही त्यांचीच, पण ती १९५४ मध्ये आपल्या स्वयंसेवकांनी सोडवली; त्यांत गायक सुधीर फडकेही होते. मधला पट्टा भारताचा. आम्हाला जाऊ द्या, म्हणून पोर्तुगाल कोर्टात. कोर्ट म्हणालं, साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता. फौज, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना नव्हता. शिवाय भारताचंही काही चुकलं नाही. दोन्ही पक्षांच्या वकिलांनी पेढे वाटावेत असा निकाल!

झाईच्या पुढे त्या दारूगोळ्यातली निम्मी चीज आजही अडते. ज्या कायद्याने अडते, तो आपलाच : मुंबई दारूबंदी कायदा, १९४९. घर फुटलं तेव्हा दोन्ही भावांना एकेक प्रत मिळाली. गुजरातने २०११ मध्ये त्यावर स्वतःचं नाव घातलं. महाराष्ट्राने कायदा जपला आणि बारही उघडले. कायद्याने इकडेही प्यायला परवाना लागतो बरं का : एक दिवसाचा, वर्षाचा, नाहीतर थेट आजन्म. (आपला परवाना शेवटचा कुठे ठेवलात, वाचकहो?) म्हणजे रेषेच्या अलीकडे जो परवानाधारक, तो चार पावलं पुढे गेला की आरोपी.

गुजरातही तब्येतीसाठी परमिट देतंच. शिवाय डिसेंबर २०२३ पासून गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत साहेबलोकांना जेवणासोबत घेता येते. राजधानीच्या कुशीत ती गुंतवणूक, झाईच्या वेशीवर गुन्हा.

आमची सूचना साधी आहे. चारोटीला टोल भरला की गाडी पुढे जाते, कुणी चारित्र्य विचारत नाही. झाईलाही श्वासावर टोल लावावा. फास्टॅग काचेऐवजी ओठांवर चिकटवावा. ३१ डिसेंबरच्या रात्री दमणहून परतणाऱ्यांची तोंडं हुंगण्याचे वलसाड पोलिसांचे श्रम तरी वाचतील.

वाद झालाच तर हेग आहेच. अडचण एवढीच की तिथे दावा लावायला सार्वभौम राष्ट्र असावं लागतं, आणि झाईची ग्रामपंचायत त्यात जरा कमी पडते. तोवर सकाळच्या पाळीला निघालेल्या झाईकराने मुकाट डबा उघडून दाखवावा. आत सुकट आहे. वास तिचाही येतो, पण तिला दोन्ही राज्यांत परवाना लागत नाही.