जमा बाजूला मांडलंय

प्रत्येक घराण्यात एक अण्णा असतात. तुमच्याकडे कदाचित आत्या असेल. वही मात्र तीच. लाल कापडी बांधणीची, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. लग्न असो की मुंज, कुणी काय आहेर केला हे अण्णा मांडवातली फुलं सुकायच्या आत उतरवून घेतात. ‘पाकीट, 51. रुपयाचं नाणं चिकटवलेलं, डिंक कमी.’ त्या माणसाकडे वीस वर्षांनी कार्य निघालं तरी अण्णा 51 च नेतात. सोनं कुठल्या कुठे गेलं म्हणावं तर उत्तर तयार : “व्याज ठरलं होतं का?” पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ दिसलं की कासावीस होतात. दिलेले वसूल व्हायचे कसे?

एकदा त्यांनी पोपटी ब्लाऊजपीसच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक फुली मारून तो साताऱ्याला धाडला. बऱ्याच ओट्या फिरून तो अण्णांच्या घरी, काकूंच्याच ओटीत परत आला. फुली शाबूत. अण्णांनी तो आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला.

बोलण्याचाही हिशोब तोच. वाढदिवसाला व्हॉट्सॲपवर नुसतं ‘हॅ. ब.’ आलं, तर उत्तर जातं ‘ध.’. लग्नात विहीणबाई म्हणाल्या, “अण्णा, अंगाने सुटलात हो!” अण्णा गोड हसले. मला कानात म्हणाले, “जमा बाजूला मांडलंय.” नातवाच्या बारशाला, पाळण्याची दोरी हातात असतानाच, “विहीणबाई, केस फार विरळ झाले हो!” फिट्टंफाट.

पुण्याच्या भाच्याने त्यांना रॉबर्ट ॲक्सेलरॉडची गोष्ट सांगितली. 1980 च्या सुमारास त्याने संगणकाच्या प्रोग्रॅमांची स्पर्धा लावली. एकमेकांना साथ द्यायची की दगा, एवढाच खेळ. भल्याभल्यांचे डावपेच हरले आणि जिंकला अनातोल रॅपोपोर्टचा सगळ्यात छोटा प्रोग्रॅम. पहिली खेळी साथीची, पुढे समोरचा करील तसं. “आणि वही?” अण्णांनी विचारलं. वही नाही, फक्त मागची खेळी लक्षात. “कच्चं काम!”

भाच्याने पुढचंही सांगितलं. अशा दोघांत एकदा चुकून दगा झाला, की उट्टं काढणं थांबतच नाही. अण्णांनी चहा मागवला. सांगलीचा धाकटा भाऊ कैक दिवाळ्या आलेला नाही. अण्णांच्या वहीप्रमाणे यायची पाळी त्याची, त्याच्या वहीप्रमाणे अण्णांची. (त्याचीही वही आहे. रक्तच ते.) दोघी जावा मात्र सगळ्या लग्नाकार्यांत भेटतात आणि पोटभर बोलतात.

आईच्या आजारपणात अण्णा रोज संध्याकाळी मुगाच्या खिचडीचा डबा घेऊन यायचे. वर तूप वेगळ्या वाटीत, कारण हॉस्पिटलचं तूप त्यांना पसंत नव्हतं. ती बरी झाल्यावर मी पेढे घेऊन गेलो. या माणसाचं देणं ठेवण्याची माझी छाती नव्हती. त्यांनी आमचं पान काढलं. जमा बाजूला एकच जुनी नोंद : ‘1974. दादाने भर पावसात आईला सायकलवर डबलसीट डॉक्टरांकडे नेलं.’ दादा म्हणजे माझे वडील, आई अण्णांची. ते जाऊनही बरीच वर्षं झाली. समोरची नावे बाजू कोरी.

“अण्णा, खिचडीचे डबे मांडायचे राहिलेत.”

“राहू देत.” त्यांनी पान घाईने उलटलं आणि पेढ्यांचा बॉक्स हातात घेऊन तोलला. “अर्धा किलो ना रे?” आणि पेनाचं टोपण काढलं.