दहावीची इंग्रजी कशी तपासावी : नव्या मास्तरांसाठी

अभिनंदन. बेळगावच्या टिळकवाडीतल्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात इंग्रजीचे सर म्हणून तुम्ही लागलात. इंग्रजी शिकवायची कशी हे तुम्हाला बी.एड.ला सांगितलं असेलच; ते विसरायला एक सत्र पुरतं. खरं अवघड काम पुढं आहे. पोरांना इंग्रजी येते का, हे तपासायचं आहे. येत नाही हे पोरांना, तुम्हाला, हेडमास्तरांना आणि घंटा देणाऱ्या शिपायालाही ठाऊक असतं. तरी तीन तास तपासून ती येते असं कागदोपत्री ठरवायचं, ही कला आहे. सव्वीस वर्षं मी ती केली. शाळेचं नाव सांगत नाही; पेन्शन चालू आहे.

साहित्य असं : लाल पेन दोन (एक स्टाफरूममध्ये जातंच), शिसपेन्सिल एक, गुणांचा कोरा तक्ता, गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका, आणि कच्च्या पोरांसाठी काढलेलं ‘पासिंग पॅकेज’ नावाचं चोपडं. पाठ्यपुस्तक मिळालं तर उत्तम. त्यावाचून अडत नाही.

आधी इंग्रजी कितवी ते बघा

आपल्याकडं, म्हणजे कर्नाटकात, पोराची पहिली भाषा मराठी, ती १२५ गुणांची. दुसरी इंग्रजी, १०० गुणांची. तिसरी कन्नड, तीही १०० ची. गणित, विज्ञान, समाज धरून एकूण ६२५. निपाणीतही हिशेब हाच. पण हेच पोरगं मामाकडं शिकायला म्हणून कोगनोळीचा नाका ओलांडून महाराष्ट्रात, कागलात गेलं, की कन्नड गायब होते, हिंदी उगवते आणि इंग्रजी दुसऱ्या नंबरावरून तिसऱ्यावर घसरते. पोरगं तेच, त्याचं स्पेलिंग तेच, मधे एसटीचं तिकीट तेवढं पडलं.

पालक विचारतील, ‘सर, तिकडची इंग्रजी सोपी असते काय हो?’ उत्तर देऊ नका. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी बेळगाव मुंबई राज्यात होतं, आजोबांचं मॅट्रिक तिकडच्या हिशेबातलं, आणि एकदा आजोबा निघाले की ते १८५९ सालच्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या मॅट्रिकपर्यंत जातात. त्या परीक्षेत रानडे आणि भांडारकर पास झाले होते. त्या वर्षी पासिंग पॅकेज नव्हतं, एवढंच आपण म्हणू शकतो.

पेपर काढणे

लेखी ८० गुणांची, अंतर्गत २० गुणांची. लेखीत नवं काही सुचलं, तर एक ग्लास पाणी प्या आणि ते विसरा. इंग्रजीच्या पेपरातून पोरगं काय शिकलं हे कळायचं असतं असं तुम्हाला वाटत असेल. पोराला मात्र पेपर ओळखीचा वाटला पाहिजे. लग्नात जेवायला बसल्यावर मीठ कुठं, चटणी कुठं हे न बघता हात जातो ना, तसं.

पाठांतराचा प्रश्न ४ गुणांचा. कविता तोंडपाठ लिहायची. आमच्या पुस्तकात ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधलं पोर्शियाचं दयेवरचं भाषण होतं. एका पोरीचं पुस्तक मी उघडून बघितलं. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर बारीक शिसपेन्सिलीनं ती ओळ देवनागरीत लिहिलेली, आणि जिथं देवनागरीत उच्चार बसेना तिथं शेजारच्या मैत्रिणीकडून कन्नड अक्षरांत करून घेतलेला. शेक्सपिअर दोन लिप्यांच्या मधे चटणीसारखा दाबून बसला होता. तिला चारपैकी चार पडले. दया म्हणजे काय, असं मी सहज विचारलं. ‘सर, ते प्रश्नोत्तरात नाही की हो,’ म्हणाली.

त्याच पुस्तकात वि. कृ. गोकाकांचीही भारतावरची इंग्रजी कविता होती. हायस्कुलात पहिली भाषा कोणती असावी, यावर १९८१ साली ज्यांच्या समितीचा अहवाल आला आणि पुढच्या वर्षी राज्यभर आंदोलन पेटलं, तेच हे गोकाक. पहिली, दुसरी, तिसरी ही भांडणं आमच्याकडं घराघरात जेवणाच्या ताटावर झाली. परीक्षेत मात्र त्यांची कविता कुणी राग धरून सोडली नाही. गुणांपुढं राग टिकत नाही.

संवाद वाचून ‘भाषिक कार्य’ ओळखण्याचाही प्रश्न असतो : बोलणारा विनंती करतोय, हुकूम देतोय, सल्ला देतोय की मदत देऊ करतोय? चार पर्याय, एक बरोबर. टिळकवाडीत हा प्रश्न अन्यायाचा आहे. ‘जरा सरक की’ ही विनंती, हुकूम, सल्ला आणि प्रेम, चारही असते. आमच्या पोरानं चारही पर्यायांवर खूण केली, तर ते पोरगं कान उघडे ठेवून वाढलंय. गुण शून्य.

चित्रवर्णन सोपं. चित्र कुठलंही असो, सुरुवात ‘धिस इज अ ब्यूटिफुल पिक्चर’. एकदा चाचणीत मी मुद्दाम पूर आलेल्या गावाचं चित्र दिलं. घरं बुडालेली, माणसं छपरावर. निम्म्याहून जास्त वर्गाला ते ब्यूटिफुल वाटलं. व्यक्तिपरिचयात तर क्रियापद एकच, ‘इज’. वय इज, उंची इज, शिक्षण इज, आणि शेवटी ‘हिज पॉप्युलॅरिटी इज हेल्पिंग पुअर पीपल’. वाक्य चुकीचं आहे. माणूस मात्र कळला.

ऐकणे

पेपरात ऐकण्याची परीक्षा नसते; ती वर्गात डिक्टेशन देऊन घ्यायची. पहिला तास टाळा. आमची शाळा रुळांच्या कानाला लागून. मिरज-लोंडा मार्गावरची गाडी दुसऱ्या गेटाजवळ आली की जी शिट्टी घालते, त्यात अख्खं कर्मणिप्रयोगाचं वाक्य वाहून जातं. अशा एका दिवशी चाळीस वह्या तपासल्या. चाळीसही पोरांनी त्याच जागी तेवढीच मोकळी जागा सोडलेली होती. असं एकमत मी नंतर कधी बघितलं नाही. एकानं त्या मोकळ्या जागेत ‘ट्रेन’ असं लिहून ठेवलं होतं. सव्वीस वर्षांत ऐकून लिहिलेलं सगळ्यात खरं उत्तर तेच.

चूक कशाला म्हणावं

इथं नवशिके घसरतात. तुम्ही पुण्याकडून आला असाल तर आणखी जपा. ‘मी दोन पोळ्या खाल्ल्या’ असं पुस्तकातली मराठी म्हणते. तिथं क्रियापद पोळ्यांच्या मागं जातं. आमच्याकडं ‘मी दोन पोळ्या खाल्लो’. क्रियापद खाणाऱ्याच्या मागं. मुलगा ‘मी आलो’ म्हणतो आणि मुलगीही ‘मी आलो’च म्हणते. मराठीच्या बाई यावर लाल पेन चालवून दमल्या. पण जरा थांबून बघा : इंग्रजीतही पोळ्या दोन असोत की वीस, खाल्ल्याचं क्रियापद बदलत नाही, आणि आलेली ती की आलेला तो हेही इंग्रजी विचारत नाही. शेजारच्या कन्नडनं घडवलेली आमची मराठी व्याकरणाच्या या एका वळणावर थेट इंग्रजीच्या दारात उभी आहे. पु. ल. देशपांडे इथंच, टिळकवाडीतल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते. बेळगावच्या रावसाहेबांची भाषा कानात साठवून ती त्यांनी ‘गणगोत’मध्ये उतरवली, आणि सगळ्या महाराष्ट्रानं ती डोक्यावर घेतली. तीच भाषा दहावीच्या पोरीनं मराठीच्या पेपरात लिहिली की अर्धा गुण जातो.

‘अ’, ‘अन’ आणि ‘द’ यांबद्दल मात्र आशा सोडा. मराठीत ती नाहीत, आणि नसल्यानं आपलं काही अडलेलं नाही. पोरं ती जेवणात कोथिंबीर घालावी तशी वरून घालतात. काही जण घालतच नाहीत.

शहराच्या नावाचं स्पेलिंग वेगळं बघा. १ नोव्हेंबर २०१४ पासून ते सरकारी कागदावर बदललं. वडिलांच्या दाखल्यावर एक, पोराच्या हॉल तिकिटावर दुसरं. पत्राच्या प्रश्नात पोरगं घाईत ‘बी ई एल’ पर्यंत जातं आणि मग अडकतं. मी दोन्हीला गुण देत आलो. हे कुणाला सांगू नका.

पत्र ५ गुणांचं. ‘फ्रॉम’ लिहिलं, ‘टू’ लिहिलं, ‘रिस्पेक्टेड सर’, विषय, आणि खाली ‘यूवर्स फेथफुली’ एवढं बरोबर असलं की काही गुण खिशात. पासिंग पॅकेज हेच सांगतं, आणि पोरंही तेवढंच ऐकतात. परिणामी गठ्ठ्यात दरवर्षी अशी पत्रं निघतात की वरचा पत्ता झकास, खालची सही झकास आणि मधला मजकूर कोरा. पोस्टमनच्या बाजूनं बघितलं तर पत्र पूर्ण आहे.

बोलणे

आता अंतर्गत २० गुण. यात बोलण्याची परीक्षा कुठंतरी बसवता येते, असं म्हणतात. परदेशी जाणारी पोरं आयईएलटीएस देतात, तिथं परीक्षक समोरासमोर बसून प्रत्येकाशी ११ ते १४ मिनिटं बोलतो. आपण बारा धरू. वर्गात चाळीस पोरं. झाली ४८० मिनिटं. चाळीस मिनिटांचा तास धरला तर बारा तास, म्हणजे दोन आठवड्यांची इंग्रजी. त्यात प्रार्थना, गॅदरिंगची तालीम, जनगणनेचं काम आणि शिट्ट्या धरलेल्या नाहीत. म्हणून साहित्यात पेन्सिल सांगितली. पोराचा चेहरा आठवायचा, सहामाहीचे गुण बघायचे आणि १६ ते १९ च्या मधला एखादा आकडा पेन्सिलीनं टाकायचा. वीस देऊ नका, वरचे लोक वीस बघून थांबतात.

या वीस गुणांना कमी लेखू नका. महाराष्ट्रात २०१९ साली दहावीच्या भाषांचे असले तोंडी गुण काढून टाकले. त्या वर्षीचा निकाल ७७.१० टक्के लागला. आदल्या वर्षी तो ८९.४१ होता. अभ्यासक्रमही नवा होता, सगळं खापर तोंडीवर फोडू नये. पण पुढच्या वर्षापासून ते वीस गुण परत आले. पोरांचं तोंड किती मोलाचं, हे ते बंद केल्यावरच कळलं. आमच्याकडं २०२४ मध्ये परीक्षेच्या वर्गांत कॅमेरे आले आणि निकाल ८३.८९ वरून ७३.४० वर उतरला. कॅमेऱ्यासमोर पोरं बोलत नाहीत, एवढंच त्याचं माझं स्पष्टीकरण.

आता एक कबुली. निवृत्त व्हायच्या वर्षी मी ठरवलं, एकदा तरी खरी तोंडी घ्यायची. बारा तास नाहीत, तर निदान रोज दोन पोरं, मधल्या सुट्टीत, लायब्ररीच्या खोलीत. चौथ्या की पाचव्या दिवशी वडगावची एक मुलगी आली. तीच, शेक्सपिअरच्या डोक्यावर देवनागरी लिहिणारी. विषय दिला, ‘माय फादर’. तिनं हात मागं बांधले, नजर छताला लावली आणि सुरू केलं : माय फादर इज अ टीचर. ही गोज टू स्कूल एव्हरी डे. एका दमात नऊ वाक्यं, एकही चूक नाही. तिचे वडील मागावर साड्या विणतात, हे मला माहीत होतं. गाइडमधले वडील टीचर होते.

‘अगं, तुझे बाबा शाळेत शिकवतात?’

‘नाही की सर. निबंधातले.’

‘तुझे खरे सांग. इंग्रजीत.’

ती गप्प. बाहेर डब्यांचा आवाज. मग तिनं हात सोडले आणि नजर छतावरून खाली आणली. माय फादर, लूम. सिक्स ओ’क्लॉक स्टार्ट. बॉबिन, शटल, बीम, जॅकार्ड... हे शब्द ती न अडखळता म्हणत होती, कारण ते तिच्या घरातले होते, इंग्रजीतले आहेत हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. थ्रेड कट, लूम स्टॉप. ही गेट अप. ही टाय. उजव्या हाताची दोन बोटं आणि अंगठा जुळवून तिनं तुटलेला धागा जोडून दाखवला, एवढी बारीक गाठ की मला दिसलीच नाही. नाइट आल्सो थ्रेड कट, ती म्हणाली, देन आय गेट अप. पुढं थोडं थांबली. ‘बाबांना दिसत नाही सर रात्रीचं. मी गाठ मारलो की माग चालू.’

सगळं मिळून दीड मिनिट झालं असेल. क्रियापदं सगळी चुकलेली, ‘अ’ आणि ‘द’ एकही नाही. मी तक्ता पुढं ओढला. तिच्या नावापुढं पेन्सिलीनं १७ आधीच टाकलेले होते, नववीतला चेहरा आठवून.

साहित्याच्या यादीत खोडरबर लिहायचं राहिलं. तेवढं वाढवून घ्या. मला त्या दिवशी तिच्याकडंच मागावं लागलं. तिनं कंपासपेटीतून काढून दिलं आणि तक्त्यात बघायला नको म्हणून मान फिरवून उभी राहिली.